वज्र क्लासचा बोऱ्या

नववीत असताना भूमितीच्या वहीच्या मागच्या पानांवर मी अख्खं अंतराळ आरमार काढलेलं, त्यातलं लाडकं म्हणजे वज्र क्लास. पोटाखाली बारा नळ्या, प्रत्येकीत टंगस्टनचा एक खांब, वरून सोडला की खाली शहर खल्लास. परवा माळा आवरताना वही सापडली, म्हटलं यावर कथा लिहू, आणि तिथेच घोळ झाला कारण आता थोडंफार गणित येतं.

पहिली गोची म्हणजे 'सोडला' हेच चूक. 400 किमीवर यान सेकंदाला साडेसात किमीहून जास्त वेगाने पळतंय, नळी उघडली तरी खांब त्याच वेगाने शेजारी तरंगत राहणार, पडणारच नाही. भाचा म्हणाला, "मामा, मग ढकल ना!" तर ढकलायला, म्हणजे ब्रेक मारायला, प्रत्येक खांबाला रॉकेट हवं. शिवाय दीड तासाची एक फेरी, खाली पृथ्वीही फिरतेय, टार्गेट खाली येईपर्यंत बसा वाट बघत.

आयडिया माझी नाहीच म्हणा, अमेरिकेत 'रॉड्स फ्रॉम गॉड' नावाने कधीपासून चघळतायत. तिथला ठरलेला खांब 6 मीटर लांब, 30 सेंमी जाड. मी वजन काढलं, 8 टनांच्या वर जातं. जमिनीवर मॅक 10 ने, म्हणजे आवाजाच्या दहापट वेगाने आदळला तर सुमारे 11 टन टीएनटी स्फोटकाइतका दणका. टन हां, किलोटन नाही!! अमेरिकेने 2017 मध्ये अफगाणिस्तानात टाकलेला 'मदर ऑफ ऑल बॉम्ब्स' साधारण तेवढाच, आणि तो मालवाहू विमानाच्या मागच्या दारातून ढकलतात. इथे एक खांब वर न्यायला आपलं 640 टनांचं एलव्हीएम3 रॉकेट जेमतेम पुरेल. बारा खांब म्हणजे बारा लाँच, यान वेगळंच.

सोव्हिएतवाले हुशार, त्यांनी वर काही ठेवलंच नाही. आर-36 या क्षेपणास्त्राचं एक व्हर्जन बनवलं, बॉम्ब जमिनीवरच सायलोत (जमिनीतल्या खोल नळीत), वेळ आली की कक्षेत जाणार आणि फेरी पूर्ण व्हायच्या आत खाली उतरणार. 1967 च्या करारात अण्वस्त्रं कक्षेत ठेवायला बंदी आहे ना, त्यातून काढलेली पळवाट. 1983 पर्यंत तेही मोडीत निघालं.

मग मी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर फुटलेली उल्का आठवली. 2013, जेमतेम 20 मीटरचा दगड पण वेग सेकंदाला 19 किमी, शेकडो किलोटन. म्हणजे माल आधीच वर पडलाय, फक्त लोटायचाय. सगळ्या नळ्या खोडून टाकल्या आणि पुढे लोटायला एक मोठा पत्रा काढला.

भाच्याने त्याला जेसीबीसारखा पिवळा रंग दिलाय. नाव वज्रच ठेवणारे.