९९९ रुपयांचा खोका

गेमची डीव्हीडी घातली, पाऊण तास तिची घरघर ऐकली, इन्स्टॉल संपलं. मग एक खिडकी उघडली. आधी ईमेल मागितला, मग पासवर्ड, मग खोक्यातल्या पुस्तिकेमागे चिकटवलेला पंचवीस अक्षरांचा कोड. सगळं दिलं. त्यावर तिने सांगितलं: डाउनलोड सुरू आहे, ० टक्के, ४.३ जीबी बाकी.

मी डीव्हीडीकडे बघितलं. तिच्यावर तेवढंच होतं की, ४.३ जीबी!

ही गोष्ट २००९ च्या जुलैतली, कऱ्हाडची. मी डिप्लोमाला होतो. त्याच्या आदल्या आठवड्यात पुण्याला मावसभावाकडे गेलो होतो, तेव्हा दोघांनी गाड्यांच्या शर्यतीचा एक नवा गेम घेतला. प्रत्येकी ९९९ रुपये. तोवरचे माझे सगळे गेम पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या शंभर रुपयांच्या डीव्हीडीवरून नाहीतर कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरून आलेले, म्हणजे चोरीचेच. हा पहिलाच विकतचा, म्हणून वरचं प्लॅस्टिक बाबांसमोर फोडलं होतं. गेम चालतो ज्या ऑनलाइन दुकानाच्या प्रोग्रॅममधून, त्या दुकानाचं नाव मी इथे घेत नाही. गेमचंही नाही, कारण त्यावरून दुकान ओळखू येईल.

तेव्हा अशी ऑनलाइन दुकानं नवीनच होती असंही नाही. वाल्व्ह या गेम कंपनीने स्टीम हे असंच दुकान सुरू केलं १२ सप्टेंबर २००३ ला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात त्यांचा हाफ-लाइफ २ हा गेम आला आणि तो खोका विकत घेतला तरी नेटवर नोंदणी केल्याशिवाय उघडेना. मग बाकीच्यांनीही तोच रस्ता धरला. २००८ मध्ये स्पोअर नावाचा गेम आला तो मोजक्याच तीन कॉम्प्युटरवर चालू करता येईल अशा अटीवर. लोकांनी एवढा आरडाओरडा केला की ती संख्या पाचवर न्यावी लागली. हे सगळं मी मासिकांत वाचलेलं होतं, पण आपल्या अंगावर येईपर्यंत ते अमेरिकेतल्या कुणाचं तरी रडगाणं वाटत होतं.

आता आमच्या घरचं नेट. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला २५६ किलोबिट, अशी व्याख्या होती, आणि आमच्याकडे व्याख्येइतकंच होतं. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून त्याचे सेकंदाला ३२ केबी (किलोबाइट) होतात, हातात पडायचे २८. दिवसा मोजून डेटा, तो संपला की प्रत्येक एमबीला पैसे. रात्री दोन ते सकाळी आठ मात्र फुकट. त्या काळात नेट वापरणारं अख्खं महाराष्ट्र दोनचा गजर लावून झोपायचं असं मला वाटतं. त्यातही एक खोच होती. दोनच्या आधी जोडलेलं कनेक्शन दोनच्या पुढे चालू राहिलं तर ते दिवसाच्या खात्यात धरतात, असं सगळे सांगायचे. म्हणून दोन वाजून पाच मिनिटांनी मोडेम बंद करून पुन्हा चालू करायचा. फोनवाल्यांचं घड्याळ आणि आपलं घड्याळ यांत फरक असला तर, म्हणून ती पाच मिनिटं.

सकाळी आठपर्यंत तरी कुठे मिळणार? साडेसहाला भारनियमन. यूपीएस पंधरा मिनिटं ओढायचा, तेही शिट्ट्या मारत. म्हणून मी दोन-पाचला डाउनलोड सुरू करून कमांडच्या काळ्या खिडकीत १५३०० सेकंदांनी बंद हो असं लिहायचो, म्हणजे सहा-वीसला कॉम्प्युटर आपोआप झोपायचा. सव्वाचार तास, सेकंदाला २८ केबी, म्हणजे रात्रीचे चारशे एमबीच्या थोडे वर. हिशेब केला. अकरा रात्री.

मी एक वही केली. तारीख, सुरुवात, शेवट, टक्के. पहिली रात्र ९ टक्के. दुसरी १९. तिसऱ्या रात्री जोराचा पाऊस झाला, फोनच्या लाइनवर खरखर आली आणि नेट तीन-चार वेळा तुटलं. तरी सकाळी २६ होते. चौथ्या रात्री प्रोग्रॅम उघडला तर त्याने स्वतःच काहीतरी तपासलं, ‘फाइल खराब आहे’ म्हणाला, आणि आकडा ० वर आला. कुठला तुकडा खराब, कुठला चांगला, हे काही त्याला वेगळं करता आलं नाही. साध्या डाउनलोड मॅनेजरला जे जमतं ते या हजार रुपयांच्या दुकानाला जमत नव्हतं. शेजारच्या गल्लीतल्या मित्राने तोच गेम क्रॅक केलेल्या, म्हणजे कोडचं कुलूप तोडलेल्या डीव्हीडीवरून अर्ध्या तासात चालू केला होता, आणि तो रोज संध्याकाळी मला किती टक्के झाले ते विचारायचा. २६ वरून ० झाल्याचं मी त्याला सांगितलंच नाही.

त्याच महिन्यात फोनचं बिल आलं. १,७४० रुपये. नेहमी साडेपाचशे-सहाशे यायचं. झालं असं की तो प्रोग्रॅम विंडोजबरोबर आपणहून सुरू व्हायचा आणि कुणालाही न विचारता आपलं काम चालू करायचा. दिवसा मी कॉलेजात आणि बहीण घरी गाणी ऐकायला कॉम्प्युटर लावून बसलेली. बाबांनी बिल टेबलावर ठेवलं आणि एवढंच विचारलं, “तो हजाराचा गेम आहे ना रे, मग हे कशाचं?” मला उत्तर देता आलं नाही. आजही नीट देता येईल असं वाटत नाही. त्या दिवसापासून प्रोग्रॅमची ‘आपोआप सुरू व्हा’ची खूण काढली, आणि त्यावरही विश्वास नको म्हणून दिवसा मोडेमची वायरच काढून कपाटात ठेवायला लागलो.

शेवटी मावसभावाला फोन केला. त्याच्या हॉस्टेलवर नेट वेगवान होतं, त्याचा गेम एका दुपारीत उतरला होता. दादा म्हणाला, “माझा फोल्डरच घेऊन जा की. तुझा कोड तुझ्याकडे आहे, फाइली तर सगळ्यांच्या सारख्याच असणार.” हे मला आधी का सुचलं नाही! शनिवारी एसटीने पुणे गाठलं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह उसना घेतला होता, फोल्डर ४.३ चा. कॉपी करायला लावलं तर पडद्यावर आलं: जागा पुरेशी नाही. ड्राइव्ह रिकामा होता. दोनदा फॉरमॅट केला, तरी तेच. दादाच्या रूममधल्या एकाने डोकं खाजवत सांगितलं की जागेचा प्रश्नच नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने मांडलेला आहे, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही, आणि या गेमने जवळजवळ सगळा माल एकाच भल्यामोठ्या फाइलीत कोंबलेला आहे. विंडोज मात्र सरळ ‘जागा नाही’ म्हणून मोकळं होतं. मग विनरार नावाच्या प्रोग्रॅमने त्या फाइलीचे सातशे-सातशे एमबीचे तुकडे केले. तुकडे करायला एक तास, कॉपीला अर्धा. रविवारी स्वारगेटहून परतीची एसटी. पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात, आणि खिशाला आईने काढून दिलेली सेफ्टीपिन.

घरी येऊन तुकडे जोडले, फोल्डर बरोबर जागी ठेवला, आणि प्रोग्रॅमला ‘फाइली तपास’ असं सांगितलं. ती सोय खाली कुठेतरी तिसऱ्या टॅबमध्ये दडवून ठेवलेली होती. चाळीस मिनिटं तपासणी चालली. ९४ टक्के मान्य. उरलेले अडीचशे-पावणेतीनशे एमबी एका रात्रीत आले. वहीत मी १०० लिहून त्याभोवती गोल काढला.

खेळलो. चांगला होता. पावसात भिजलेल्या रस्त्यावर गाड्यांचे दिवे पडायचे ते अजून आठवतात.

चार दिवसांनी सकाळी नेट नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी खांबावरच्या डब्यात पाणी गेलेलं, सगळ्या गल्लीचे फोन मुके. गेमवर डबलक्लिक केलं तर उत्तर, सर्व्हरशी संपर्क होत नाही. अहो, मला एकट्यालाच कॉम्प्युटरबरोबर शर्यत लावायची आहे, त्याला संपर्क कशाला? शोधल्यावर कळलं की ‘ऑफलाइन’ चालवायची सोय आहे. पण ती निवडायची असेल तर आधी ऑनलाइन जावं लागतं! म्हणजे छत्री मिळेल, पण पाऊस यायच्या आधी येऊन नाव नोंदवा. लाइन दुरुस्त झाल्यावर मी ती रीत पाठ केली. पासवर्ड लक्षात ठेव अशी खूण करायची. गेम एकदा ऑनलाइन पूर्ण उघडायचा, नवं अपडेट बाकी असेल तर तेही घ्यायचं. मग बंद करून मेन्यूतून ऑफलाइन निवडायचं. यातली एकही पायरी चुकली की गेम अडून बसायचा.

एवढं करूनही सप्टेंबरात तो पुन्हा बसला, आणि या वेळी नेट चालू असताना. ब्राउझरमध्ये साधी पानं उघडत होती, दुकानाचा प्रोग्रॅम मात्र म्हणायचा की कनेक्शन नाही. दोन दिवस मी मोडेम, वायर, फायरवॉल, सगळं उलटंपालटं केलं. एकदा तर प्रोग्रॅम काढून परत टाकायच्या बेतात होतो, म्हणजे पुन्हा ० टक्के. मग सहज कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं. १ जानेवारी २००२. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला होता. भारनियमनात वीज गेली की कॉम्प्युटरला तारीख आठवत नसे. आणि सुरक्षित कनेक्शन जोडताना सर्व्हरचं प्रमाणपत्र तारखेशी ताडून बघतात. २००९ चं प्रमाणपत्र २००२ मध्ये कसं चालेल? पंचवीस रुपयांचा सेल बदलला, गेम चालू. ‘तुमचं घड्याळ चुकलंय’ एवढे तीन शब्द लिहायला त्या कंपनीत कुणाला वेळ झाला नव्हता.

मार्च २०१० मध्ये असॅसिन्स क्रीड २ हा गेम कॉम्प्युटरवर आला. त्याची अट म्हणजे खेळताना सगळा वेळ नेट जोडलेलं हवं. पहिल्याच आठवड्यात सर्व्हर बंद पडले आणि पैसे भरलेले लोक खोळंबले. ही बातमी मी मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा घरात कुणाला काही कळलं नाही, पण मला बरं वाटलं. पॅरिस-लंडनच्या लोकांनाही कऱ्हाडचा अनुभव आला म्हणून.

त्या दुकानातून थेट विकत घ्यायचा प्रयत्न मी एकदाच केला, २०१० च्या डिसेंबरात. सेल होता, पाच डॉलरचा गेम. डॉलर तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास, म्हणजे सव्वादोनशे रुपये. बाबांचं सहकारी बँकेचं कार्ड फक्त एटीएमपुरतं. काकांचं क्रेडिट कार्ड मिन्नतवारी करून मिळवलं, तर त्याच्यावर परदेशी व्यवहार बंद. फॉर्म भरून सुरू होईपर्यंत सेल संपला. मध्ये दोनदा कार्ड नापास झाल्यामुळे दुकानाने माझ्या खात्यावर काही दिवस खरेदीबंदीही घातली. स्टीमवर रुपयात किमती दिसायला लागल्या त्या २०१५ च्या नोव्हेंबरात. तोवर मी नोकरीला लागून हातात स्वतःचं कार्ड होतं.

सगळ्यात मोठा घोळ २०१३ चा. नवा लॅपटॉप घेतला, प्रोग्रॅम टाकला, पासवर्ड आठवेना. ‘विसरलात?’ वर क्लिक केलं तर नवा पासवर्ड गेला माझ्या शाळेतल्या ईमेलवर, आणि तो पत्ता वापर नाही म्हणून केव्हाच बंद झालेला. मदतकेंद्राला लिहिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं, त्यात मी आधीच लिहिलेलं सगळं पुन्हा विचारलेलं. पुन्हा लिहिलं. मग आठवड्याने एक माणसाने लिहिलेलं वाटावं असं पत्र आलं: मूळ कोड छापलेला कागद असेल, तर त्यावर हा तक्रार क्रमांक पेनाने लिहा आणि दोन्ही एकत्र दिसतील असा फोटो पाठवा.

सगळं आभाळात ठेवायचं म्हणणाऱ्या दुकानाला शेवटी कागदच हवा होता! कऱ्हाडला फोन केला. आईने माळ्यावरून आकाशकंदिलाच्या पिशवीमागून खोका काढला. बहिणीने निळ्या पेनाने पुस्तिकेमागे क्रमांक लिहिला. पहिला फोटो हलला, दुसऱ्यात कोडवर ट्यूबलाइट चमकली, तिसरा गेला. दोन दिवसांत खातं परत मिळालं. आत एकच गेम.

गेल्या वर्षी दिवाळीत घरी होतो. आता तिथे फायबर आहे. सहज म्हणून तो गेम उतरवायला लावला आणि चहा घ्यायला उठलो. परत येईपर्यंत संपलाही होता. ऑनलाइन शर्यतीचं बटण दाबलं तर कळलं की ते सर्व्हर कंपनीने केव्हाच बंद केलेत. एकट्याची शर्यत चालते. दोन फेऱ्या मारल्या.

तेवढ्यात आई खोका हातात घेऊन आली. माळा आवरत होती. “हे टाकू का रे रद्दीत?”

“नको, नको,” मी म्हणालो, “त्याच्यावर नंबर आहे.”