डिड आलं की वेंट जातं

शहापुरात माझ्याकडे शिकवणीला येणारी पोरं घरी मराठी आणि गल्लीत कानडी बोलतात. दोन्हीकडे क्रियापद वाक्याच्या शेवटी. इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग मध्येच येऊन बसतं, पण तेवढं पोरांना लवकर जमतं. खरी गंमत पुढे आहे.

‘पोरानं कुंदा खाल्ला’, ‘पोरानं भाकरी खाल्ली’. इथं आपलं क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे लागतं. कानडीत तसं होत नाही. इंग्रजीत तर काहीही खा, कुणीही खा, ‘एट’च. एवढी सोपी भाषा, पण वर्तमानकाळात ‘ही ईट्स’मधल्या त्या एका ‘स’पाशी सगळे अडतात.

त्यात प्रश्न विचारायचा झाला की ‘डज’ येतो आणि तो ‘स’ स्वतःकडे घेतो: ‘डज ही ईट?’ ‘डिड’ आला की ‘वेंट’चं पुन्हा ‘गो’. सातवीतली एक मुलगी म्हणाली, “म्हणजे बाई, तिकिटाची पिशवी एकाच कंडक्टरकडे!” अगदी तसंच. ‘ही हॅज बीन ईटिंग’मध्येही काळ फक्त ‘हॅज’कडे, बाकीचे प्रवासी.

बारा काळांचा तो तक्ता मला कधीच पटला नाही. नुसतं रूप बघितलं तर इंग्रजीत काळ दोनच, वर्तमान आणि भूत. भविष्यासाठी ‘विल’ जोडावा लागतो. हे ऐकून पोरं खूश, पालक मात्र काळजीत. परीक्षेत तक्ताच विचारतात ना! मग तोही पाठ करून घेते, आदल्या दिवशी.