पिल्लेचे गोल किती?

काल परत तेच. मॅच बघायला म्हणून जमलो, मॅच संपून तास झाला तरी कुणी उठायला तयार नाही, कारण विषय निघाला की हॉकीत भारताचा आजवरचा बेस्ट फॉरवर्ड कोण. हा विषय दर वेळी कोण काढतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही (बहुतेक मीच).

आम्ही तिघं. एक काका, ज्यांच्या मते हॉकी ॲस्ट्रोटर्फ (गवताच्या जागी कृत्रिम मैदान) आल्या दिवशीच संपली. १९७६ ला माँट्रियलला ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा टर्फवर खेळले आणि आपण थेट सातवे, १९२८ पासून पहिल्यांदाच मेडलशिवाय परत आलो, त्यामुळे काकांचा राग मी समजू शकतो. दुसरा आमचा आकडेबाज, ज्याला कुणाचंही नाव सांगा, तो आधी विचारणार की मॅच किती आणि गोल किती. आणि तिसरा मी, धनराज पिल्लेचा भक्त, म्हणजे वादात हरायलाच बसलेला.

काकांनी सुरुवात नेहमीप्रमाणे ध्यानचंदपासून केली. १९२८ ला ॲमस्टरडॅमला भारताचे २९ गोल, त्यात ध्यानचंदचे १४, आणि आपल्यावर एकही नाही. मग १९३२, लॉस एंजेलिस, अमेरिकेला २४-१. आता इथं आकडेबाज दर वेळी उसळतो, कालही उसळला. "काका, त्या ऑलिम्पिकला टीमच तीन होत्या! अमेरिका दोन्ही मॅच हरली आणि तरी ब्राँझ घेऊन गेली, ते काय सांगताय!" आणि खरंय ते. जपानकडून २-९ हरले, आपल्याकडून १-२४, आणि गळ्यात मेडल. काका म्हणाले, मग त्यात ध्यानचंदचा काय दोष, त्यानं काय बाकीच्यांना येऊ नका म्हणून पत्रं लिहिलेली? शिवाय त्या मॅचमध्ये ध्यानचंदचे ८ आणि धाकट्या भावाचे, रूपसिंगचे १०, म्हणजे घरातल्या घरातच दादा मागे पडलेला. तो जो एक गोल बसला ना, तेव्हा आपला गोलकीपर रिचर्ड ॲलन गोलपोस्टमागे ऑटोग्राफ देत उभा होता अशी गोष्ट सांगतात. खरी असो नसो, मला जाम आवडते.

मग परदेशी गडी आले. आकडेबाजाचा देव म्हणजे पाकिस्तानचा सोहेल अब्बास. ३४८ आंतरराष्ट्रीय गोल, खेळलेल्या मॅचपेक्षा गोल जास्त, हॉलंडच्या पॉल लिटियन्सचा रेकॉर्ड त्यानं मोडला, आणि हे सगळं करणारा माणूस मुळात बॅक, म्हणजे बचाव करणारा. काका म्हणतात, पेनल्टी कॉर्नरला बॉल पुश करून देणार एक, थांबवणार दुसरा, हा येऊन ड्रॅग फ्लिक मारणार (बॉल स्टिकनं ओढत गोलात फेकणार), याला काय हॉकी म्हणतात का, ड्रिबल करत डीमध्ये, गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, घुसून दाखव म्हणावं. मी इथं काकांच्या बाजूनं नाही हां. ज्यानं ती फ्लिक समोरून येताना पाहिलीय त्याला विचारा. पण एक आहे, पेनल्टी कॉर्नर मारणाऱ्याचं नाव स्कोअरशीटवर येतं आणि तो कॉर्नर ज्यानं तीन जणांना चकवून, एखाद्या डिफेंडरच्या पायावर बॉल घालून मिळवून दिला त्याचं नाव कुठंच येत नाही. म्हणून तर मी पिल्लेवर येतो.

चार ऑलिम्पिक, चार वर्ल्ड कप, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार एशियाड. खडकीतून निघालेला पोरगा, ३३९ मॅच खेळला. १९९८ ला बँकॉकला कॅप्टन म्हणून एशियाडचं गोल्ड आणलं, आणि आल्यावर त्याच्यासकट कितीतरी सीनियर खेळाडूंना टीमबाहेर काढलं. हे आठवलं की माझं डोकं अजून फिरतं. आणि सिडनी, २००० ची पोलंड मॅच. जिंकलो असतो तर सेमीफायनल, १-० पुढे, शेवटची दोनेक मिनिटं, आणि त्यांनी बरोबरी केली. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही, लिहिवत नाही.

तर आकडेबाज मला हमखास विचारतो, "बरं, गोल किती तुझ्या पिल्लेचे?" आणि मी गप्प. कारण आपल्या फेडरेशननं हिशोबच ठेवला नाही!! १७० च्या वर असतील असा अंदाज, तोही खुद्द पिल्लेचा आणि हॉकीचे आकडे स्वतःच्या हौसेनं जमवणाऱ्या माणसांचा. म्हणजे नव्वदच्या दशकातला, टीव्हीवर दिसलेला खेळाडू, आणि त्याचे गोल अंदाजे. १९२८ चे १४ पक्के आणि हे अंदाजे, हसावं का रडावं.

काल मात्र आकडेबाजानं नवीन खूळ काढलं. म्हणाला, काळ वेगळा, टीम वेगळ्या, नियम वेगळे, तेव्हा ऑफसाइड होता, आता नाही, तेव्हा नुसते गोल मोजण्यात अर्थ नाही, टीमच्या एकूण गोलांपैकी एकट्याचे किती ते बघायचं. घेतला मोबाइल. ध्यानचंद १९२८, २९ पैकी १४, अठ्ठेचाळीस टक्के. १९८० मॉस्को, सुरिंदरसिंग सोधी, ४३ पैकी १५, पस्तीस टक्के (त्यात टांझानियाला १८-० आणि क्यूबाला १३-०, बऱ्याच देशांनी त्या ऑलिम्पिकवर बॉयकॉट टाकलेला म्हणून ते काका धरतच नाहीत). मग त्यानं आपला हुकमी पत्ता टाकला, हरमनप्रीतसिंग, २०२४ पॅरिस, १५ पैकी १०, सदुसष्ट टक्के! असा रुबाबात बघतोय आमच्याकडं.

काका शांतपणे म्हणाले, "हेलसिंकी. बावन्न. बलबीरसिंग सीनियर."

भारताचे १३ गोल, त्यात बलबीरचे ९. एकोणसत्तर टक्के. फायनलला हॉलंडला ६-१, त्यात एकट्याचे ५, पुरुषांच्या ऑलिम्पिक फायनलमधला तो रेकॉर्ड अजून कुणी मोडलेला नाही. आकडेबाजाचं तोंड बघण्यासारखं झालं. लगेच सुरू, मॅच तीनच होत्या, हरमनप्रीत आठ मॅच खेळलाय, सॅम्पल लहान, वगैरे. काका म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा मला तुझे आकडे आवडले तर आता तू पळतोस होय.

मी म्हटलं, आता पिल्लेचं काढ. त्यानं मोबाइल खिशात टाकला. "तुझ्या माणसाचा वरचाच आकडा नाही रे, भागू काय?"

पुढच्या मॅचला मी पाकिस्तानच्या शाहबाज अहमदचा विषय काढणार आहे, १९९० आणि ९४, दोन्ही वर्ल्ड कपला प्लेअर ऑफ द टूर्नामेंट. काका पाकिस्तानचं नाव काढलं की आधी बिथरतात, मग अर्धा तास त्याच्या डॉजचं कौतुक करतात.