तुम्ही विचारलंत म्हणून: एलीला मी एकटाच का जातो

सॉल्ट लेक सिटीत गणपतीच्या जेवणाला बसलं की कुणीतरी विचारतंच: "एलीचं एवढं कौतुक सांगता, मग भारतातून आलेल्या पाहुण्यांना तिकडे का नेत नाही?" आजवर "चार तास गाडीत कोण बसणार" म्हणून वेळ मारून नेली. ते खोटं नाही, पण उत्तरही नाही.

नेव्हाडातलं हे गाव माझ्या तोंडून ऐकून तुम्हाला पाठ झालंय. 1906 साली तिथं रेल्वे आली ती तांब्यासाठी. रूथ गावच्या खाणीतलं खनिज मॅकगिल गावच्या भट्टीत न्यायचं आणि तांबं उत्तरेला मुख्य लाइनीपर्यंत पोचवायचं. 1983 ला भट्टी थंडावली, आणि कंपनीनं यार्ड, वर्कशॉप, कचेरीतली कागदपत्रंसुद्धा जागच्या जागी सोडून दिली. आता तिथं रेल्वेचं संग्रहालय आहे, पण म्हणूनच ते संग्रहालय वाटत नाही. साहेब जेवायला गेलेत, येतीलच, असं वाटतं. 1910 चं, बाल्डविन कंपनीनं बनवलेलं 40 नंबरचं इंजिन वाफेवर चालवतात. पैसे भरले तर तुम्हालाही इंजिन चालवायला मिळतं.

बाबा भुसावळला रेल्वेत फायरमन होते, वाफेच्या इंजिनात कोळसा मारायचे. ते इकडे आले तेव्हा वाटलं, यांना नाही न्यायचं तर कुणाला? कुठं चाललोय ते सांगितलं नाही. शेडच्या दारात तेल-कोळशाचा वास आला आणि ते थबकले. मी मोबाइल काढून तयार. डोळे भरून येतील, फोटो मिळेल! (हो, हे खरंच मनात होतं.) ते म्हणाले, "हा वास जावा म्हणून तुझी आई माझे कपडे वेगळे भिजवायची."

तिथंच थांबायला हवं होतं. मी पुढं रेटलं. बाहेर इंजिनावर पट्ट्यापट्ट्यांची कोरी डांगरी घातलेला एक हौशी गृहस्थ कोळसा मारत होता. निम्मा खालीच सांडत होता.

"याला किती देतात?"

"बाबा, तोच देतो."

"रुपयांत किती?"

मी सांगितलं. त्यांनी उजवी बाही वर केली, कोपरावरचा भाजल्याचा डाग पाहिला, बाही खाली केली आणि गाडीत जाऊन बसले. मी दोन तिकिटं हातात धरून उभा. संध्याकाळी हॉटेल नेव्हाडाच्या तळमजल्यावर जुगाराच्या मशीनमध्ये पाच डॉलर घालवले, तेव्हा मात्र स्वारी खुशीत.

बरीच वर्षं मी म्हणायचो, बाबांना जुन्याची किंमत नाही. मग म्हणायला लागलो, अक्कल मलाच नव्हती. आता दोन्ही म्हणवत नाही. शिट्टी ऐकली की माझ्या अंगावर काटा येतो, हे काय खोटं आहे? पण फावडं मी कधी मारलेलं नाही, हेही आहेच.

मध्यंतरी फोनवर बाबांनी विचारलं, "त्या चाळीस नंबरच्या ट्यूबा बदलल्या का रे?" त्या दिवशी दहा मिनिटंही थांबले नव्हते. बॉयलरमधल्या ट्यूबा कधी बघितल्या?

तुम्ही खुशाल जा. पेट्रोल वाटेतल्या वेंडोव्हरलाच भरा, पुढं लांबवर काही नाही. गाव सहा हजार फुटांच्या वर आहे, उन्हाळ्यातही स्वेटर ठेवा. फक्त मला बरोबर बोलावू नका.