लाल ठिपका बरोबर, लेन्सही बरोबर, तरी फोटो सॉफ्ट

बेळगावात जुने कॅमेरे रिपेर करतो म्हटल्यावर लोकांना वाटतं फक्त बुरशी काढत बसत असेल, आणि ते खोटंही नाही. आपल्याकडचा पावसाळा म्हणजे लेन्सच्या आत बुरशीची शेतीच. पण मध्ये एक केस आली, ती अजून डोक्यातनं जाईना म्हणून लिहायलोय.

खानापूर तालुक्यातले एक रिटायर्ड चित्रकलेचे सर. त्यांना इन्फ्रारेड (लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा उजेड) फोटोचा नाद लागलाय. भातशेती, झाडं, सगळी हिरवळ पांढरीशुभ्र येते आणि आभाळ काळं, राजहंसगडाचा एक फोटो दाखवला त्यांनी, तट काळपट आणि खालची झाडी बर्फ पडल्यागत. (कोकणी चुलत्यांना दाखवला तर त्यांनी काश्मीर समजून पाठवला म्हणे पुढं.) बॉडी (लेन्स सोडून नुसता कॅमेरा) निकॉन डी ७०, २००४ सालची, कुणाकडनं तरी ऑनलाइन कन्व्हर्ट करून घेतलेली, म्हणजे सेन्सरपुढची इन्फ्रारेड अडवणारी काच काढून तिथं ७२० नॅनोमीटरचा, म्हणजे फक्त इन्फ्रारेडकडचाच उजेड सोडणारा फिल्टर बसवलेला. लेन्स निकॉरची ५० एमएम एफ १.४, एआय (निकॉनची जुनी जात), मॅन्युअल, म्हणजे फोकस हातानं. तक्रार एकच, फोटो सॉफ्ट, म्हणजे किंचित अस्पष्ट.

"काय ओ, लेन्सच गेली म्हणालेत तिकडं. बघा की जरा."

"तिकडं" म्हणजे एका मोठ्या शहरातला मेकॅनिक. त्यानं लेन्स उघडलेली हे बघितल्या बघितल्या कळलं, कारण फोकस रिंगच्या बारक्या स्क्रूंची डोकी चावल्यागत झालेली. कॅमेरा कुठला, फिल्टर कुठला, फोकस कसा करता, काही विचारलेलं नाही. आमच्या धंद्यात ही एक खोडच आहे, गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत स्क्रू ड्रायव्हर हातात.

मी विचारलं, "सर, फोकस कसा करता?"

तर सरांनी पुस्तकात असतं तसंच सांगितलं. व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस करायचा, मधल्या रेषेसमोर जे अंतर येईल ते तसंच फिरवून शेजारच्या बारक्या लाल ठिपक्यासमोर आणायचं, मग क्लिक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा ठिपका (काही कंपन्यांत लाल रेघ, काहींत R) इन्फ्रारेडसाठीच असतो. तो उजेड काचेतनं कमी वाकतो, म्हणून त्याचा फोकस फिल्मच्या थोडा मागं पडतो, आणि लेन्स तेवढी पुढं न्यावी लागते. जुना ठोकताळा फोकल लेंथच्या पाव टक्क्याचा, म्हणजे ५० एमएमला मिलिमीटरचा आठवा हिस्सा. आरशाच्या लेन्सना हा ठिपका लागतच नाही, आरसा सगळे रंग सारखेच परतवतो. झूम असेल तर एका ठिपक्यानं भागत नाही, प्रत्येक फोकल लेंथला वेगळी खूण. कोडॅकची एचआयई ही इन्फ्रारेड फिल्म २००७ मध्ये बंद झाली तशी गरजही कमी झाली, आणि आताच्या बहुतेक ऑटोफोकस लेन्सवर ही खूणच नसते.

म्हणजे सर शंभर टक्के बरोबर करत होते, आणि तरी फोटो सॉफ्ट. लेन्सचं भोक बारीक करून एफ ११ ला घेतलं की सगळं झाकून जायचं, पण तिथं मधोमध पांढुरका डाग यायला लागला म्हणून ते भोक मोठं करून २.८ वर आले आणि मग चूक उघडी पडली.

आधी लेन्स तपासली. बरेच जण हे मिररलेसवर अडॅप्टर लावून बघतात, ते चालत नाही, कारण स्वस्तातले अडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ ठेवतात म्हणजे इन्फिनिटी (सगळ्यात लांबचा फोकस) ओलांडली जाते आणि तुम्हाला खरं कळतच नाही. मी फिल्म बॉडीचं मागचं दार उघडून, शटर बल्बवर (उघडंच राहील असं) ठेवून, फिल्मच्या पट्ट्यांवर घासलेली काच लावतो आणि लूपनं (भिंगानं) बघतो. लांबचा टॉवर कडक, मधल्या रेषेवर बरोबर इन्फिनिटी. लेन्स ठणठणीत.

मग डी ७०. टेबलावर मीटरभर अंतरावर पट्टी तिरकी ठेवली आणि पहिला फोटो जवळजवळ काळा! दुकानात सगळे एलईडी, त्यात इन्फ्रारेड असतंय कुठं. माळ्यावरनं जुना हॅलोजन काढला, तेव्हा उजेड पडला. लाल ठिपक्यावर घेतलं तर पट्टीवर फोकस तीनेक सेंटिमीटर पुढं, कॅमेऱ्याकडं. ठिपका सोडून नुसतं मधल्या रेषेवर घेतलं तर सेंटिमीटरभर मागं.

इथं मला उलगडलं. कन्व्हर्ट करणाऱ्यानं सेन्सरखाली शिम (पातळ चकती) घालून सेन्सर मागं सरकवलाय, म्हणजे व्ह्यूफाइंडरात जे शार्प ते इन्फ्रारेडलाही शार्प यावं. काम वाईट नाही, पण त्यानं ते बहुतेक किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या ऑटोफोकस लेन्सवर) जुळवलं, आणि सरांना सांगितलं नाही. बॉडीनं एकदा दुरुस्ती केलेली, त्यावर सर ठिपक्यानं पुन्हा करत होते. डी ७० ला लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर थेट चित्र) नाही, नाहीतर सेन्सरवरचंच दिसलं असतं आणि सर माझ्यापर्यंत आलेच नसते.

सरांना सांगितलं तर गप्पच झाले, मग म्हणाले, "म्हणजे ठिपका खोटा?"

"खोटा नव्हं सर, तुमच्या बॉडीपुरता जास्तीचा."

मग टूथपिकच्या टोकानं मधली रेघ आणि लाल ठिपका यांच्यामध्ये, रेघेकडून पाव अंतरावर पिवळ्या इनॅमलचा एक ठिपका दिला. २.८ ला पट्टी अशी आली की मिलिमीटरच्या रेघा मोजाव्यात. सर खूश. चावलेले स्क्रूही बदलून दिले, त्याचे पैसे नाही घेतले, राग आलेला म्हणून.

पण मन खात राहिलं. उद्या ही लेन्स दुसऱ्याच्या हातात गेली, दुसऱ्या बॉडीवर लागली, तर तो पिवळा ठिपका त्याला फसवणारच. लाल ठिपका कंपनीनं लेन्सचा हिशेब धरून दिलेला, माझा मात्र या एका डब्याचा. आता सर २८ आणि १३५ पण आणतो म्हणतात, "त्यावर पण पिवळं लावा की". प्रत्येक लेन्सवर ठिपके मारत बसायचं, का एकदाच शिम काढून सेन्सर जागेवर आणायचा, म्हणजे सगळ्या लेन्सवरचे लाल ठिपके आपापले खरे ठरतील? त्यातही नवीन फिल्टरची जाडी ओरिजिनल काचेएवढी नसेल तर ते गणित परत मांडावं लागणार, आणि किट लेन्सचा ऑटोफोकस तर हमखास बिघडणार. माझं मत शिम काढायच्या बाजूनं आहे. सरांना ऑटोफोकस सोडवेना, नातवंडांचे इन्फ्रारेड फोटो त्यावरच काढतात. दिवाळीनंतर सांगतो म्हणालेत, तोवर बॉडी माझ्याच कपाटात सिलिकाच्या पुड्यांत आहे.