मुलांना पायलट करावे का?

मी विमान चालवतो हे कळले की लग्नकार्यात कोणी ना कोणी बाजूला घेऊन विचारतेच, की मुलाला पायलट व्हायचे आहे, पण आता त्यात काही राहिले आहे का? तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो. व्यवसाय अजूनही चांगला आहे. मात्र परवाना आणि नोकरी यांच्यामधला रिकामा काळ ज्या घराला झेपेल, त्यानेच या वाटेला जावे, असे माझे मत आहे.

बारावीला भौतिकशास्त्र व गणित, वैद्यकीय तपासणी, डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) परीक्षा आणि 200 तासांचे उड्डाण झाले की व्यावसायिक परवाना मिळतो. उड्डाण शाळा बारामतीची असो की गोंदियाची, हे तास पावसाळ्यात किती सावकाश भरतात ते माहितीपत्रकात लिहिलेले नसते. ढग खाली उतरले किंवा विमान दुरुस्तीला गेले की मुले हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या शेडमध्ये, फळ्यावरच्या आपल्या नावाकडे बघत दिवस काढतात, आणि खोलीचे भाडे चालूच राहते.

खरी कसोटी परवान्यानंतर लागते. ए-320 सारख्या प्रवासी विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण व मान्यता, वेगळे करावे लागते, त्याला आणखी लाखो रुपये पडतात. शिवाय भरती निघेपर्यंत इन्स्ट्रुमेंट रेटिंग (केवळ उपकरणांच्या आधारे उडवण्याची मान्यता) आणि वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत संपू नये म्हणून पुन्हा पदरमोड करावी लागते. बँकेचा हप्ता तोवर सुरू झालेला असतो. 2023 मध्ये एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची खरेदी जाहीर केली, हे आकडे प्रत्येक जाहिरातीत दिसतात. त्याच वर्षीच्या मे महिन्यात गो फर्स्ट या विमान कंपनीची उड्डाणे थांबली आणि अनुभवी वैमानिकही नोकरीच्या त्याच रांगेत येऊन उभे राहिले, हे मात्र कोणी छापत नाही. टंचाई असते ती मुख्यतः कमांडरची, म्हणजे विमानाच्या मुख्य वैमानिकाची, आणि त्या खुर्चीसाठी लागणाऱ्या वरच्या परवान्याला 1500 तास लागतात.

विमान आता आपोआप उडते, ही भीती मला फारशी वाटत नाही. जुलैतल्या मुंबईत, आडव्या वाऱ्यात उतरायचे की दुसरीकडे वळायचे, हे अजून माणसालाच ठरवावे लागते. रात्रीच्या ड्युट्यांनी होणारी झोपेची ओढाताण मात्र खरी आहे, आणि साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेणारा नियम त्यामुळेच आला.

तेव्हा कोणत्याही संस्थेत पैसे भरण्याआधी मुलाची वैद्यकीय तपासणी करून घ्या, कारण रंगदृष्टीतल्या दोषासारखी गोष्ट तिथेच कळते. नंतर दोन वर्षांचे हप्ते पगाराशिवाय कसे फेडता येतील, ते कागदावर मांडा. त्यासाठी जमीन विकावी लागणार असेल, तर मी नको म्हणेन.