हे बघितलंय की!

डिसेंबर लागला की इथे इंग्लंडात आमच्या शेजारच्या आजी रेडिओ टाइम्स या कार्यक्रमांच्या वेळा छापणाऱ्या साप्ताहिकाचा ख्रिसमसचा जाडजूड डबल अंक आणतात, लाल स्केचपेन शोधून काढतात आणि दोन आठवड्यांचा टीव्ही आखायला बसतात. नाव रेडिओचं, पण आत बघावं तर बहुतेक सगळा टीव्हीच. आपल्याकडे दिवाळी अंक घेऊन बसतात ना, तोच थाट, फक्त इथे वाचायचं काय तर टाइमटेबल. पूर्वी म्हणे त्यात फक्त बीबीसीचे कार्यक्रम यायचे आणि आयटीव्ही या खाजगी चॅनलचे टीव्ही टाइम्समध्ये, त्यामुळे दोन्ही अंक विकत घ्यावे लागायचे, 1991 पासून ती कटकट संपली.

तर बघायच्या कार्यक्रमांना गोल करता करता आजींचं तोंडाने चालूच असतं, यंदा पण सगळं जुनंच, टीव्ही लायसन्सचे पैसे घेतात आणि रिपीट दाखवतात. मला रेडिंगला येऊन अकरा वर्षं झाली, अकराही वर्षं हेच वाक्य ऐकतेय. आणि गंमत अशी की एकदा मी चहा पिता पिता त्यांचा अंक चाळला, तर नव्या कार्यक्रमांना एखाददुसरा गोल आणि बाकी सगळे लाल गोल त्या जुन्यांनाच. एकाला तर दोनदा.

तक्रार अगदीच खोटी नाही म्हणा. 25 तारखेला ट्रेन बंद, मोठी दुकानं कायद्यानेच बंद, चार वाजले की अंधार, म्हणजे अख्खा देश पोटभर जेवून सोफ्यावर. एवढे तास नवीन काय काय म्हणून भरणार? नवीन स्पेशल करायचा तर खर्च दांडगा, त्यात बरेचसे महिनोन्‌महिने आधी शूट होतात, म्हणजे बाहेर ऊन आणि हे बिचारे स्वेटर घालून खोट्या बर्फात उभे. मग दोनतीन खास गोष्टी संध्याकाळी लावायच्या आणि बाकी वेळ जुनंच परत लावून पाट्या टाकायच्या. कधीकधी खास गोष्ट खरंच जमते, 2024 ला गॅव्हिन अँड स्टेसी या विनोदी मालिकेचा शेवटचा भाग पहिल्याच रात्री 1 कोटी 23 लाख लोकांनी बघितला, आजकाल फोनमधून मान वर न काढणाऱ्या जगात हे म्हणजे फारच झालं.

मालिकावाल्यांचं तर वेगळंच. आपल्याकडे सणाला मालिकेत सगळे नटूनथटून पूजा करतात, इथे सणाच्या दिवशी हमखास कुणीतरी मरतं नाहीतर संसार मोडतो. 1986 च्या ख्रिसमसला ईस्टएंडर्स या बीबीसीच्या मालिकेतल्या डेनने बायकोच्या हातात घटस्फोटाचे कागद ठेवले, आणि तो भाग बघणारे 3 कोटींच्या वर, तेसुद्धा देशाची लोकसंख्या साडेपाच कोटींच्या थोडी वर असताना. चारच चॅनल होते तेव्हा, त्यामुळे कुणाचं काय झालं ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत. पण मी जरा खोदून वाचलं तर कळलं की त्या 3 कोटींत ख्रिसमसच्या दिवशीचे, म्हणजे गुरुवारचे, जेमतेम 2 कोटी, उरलेले रविवारी तेच परत लावलं तेव्हाचे! म्हणजे ज्या आकड्याचं इतकं कौतुक, तो रिपीटच्याच खांद्यावर उभा. हे मी मोठ्या उत्साहाने आजींना सांगायला गेले तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मी दोन्ही दिवशी बघितलं होतं."

कोविडनंतर आई सांगलीहून आली होती तेव्हाचा ख्रिसमस आम्ही आजींकडेच काढला. आईला इंग्रजी येत नाही, आजींना मराठी कुठून येणार, दोघी डोक्यावर ख्रिसमसचे कागदी मुकुट घालून सोफ्याच्या दोन टोकांना. तीन वाजता टीव्हीवर राजाचं ख्रिसमसचं भाषण झालं, आई म्हणाली सांगलीत आत्ता साडेआठ, माझी मालिका चालू झाली असेल. मग आजींनी द स्नोमॅन लावला. चॅनल फोर सुरू झालं त्याच वर्षी, 26 डिसेंबर 1982 ला पहिल्यांदा दाखवलेलं कार्टून, तेव्हापासून दर ख्रिसमसला लागतं, अर्ध्या तासापेक्षा थोडं कमीच. एक मुलगा बर्फाचा माणूस करतो, रात्री दोघं आकाशात उडतात, सकाळी बघतो तर नुसती टोपी आणि मफलर उरलेला. मधलं एक गाणं सोडलं तर बोलणं जवळजवळ नाहीच, त्यामुळे पहिल्यांदाच मला भाषांतर करायला लागलं नाही.

आजींनी रुमाल काढला. इतक्या वर्षांत शेवट बदललेला नाही, तरी रुमाल. आई मात्र म्हणाली, "वितळणारच की, उन्हात ठेवलाय." आणि दोन दिवसांनी परत लागला तेव्हा चहा टाकायचा सोडून येऊन बसली.

गेल्या 24 तारखेला व्हिडिओ कॉलवर तिचं पहिलं वाक्य, "लागला का गं तुमच्याकडं तो बर्फाचा?" म्हटलं, उद्या आहे. "मग फोन टीव्हीपुढं धर. आणि त्या आजींना जरा बाजूला बसव, गेल्या वेळी निम्मा टीव्ही त्यांच्या मुकुटानंच झाकला होता."